पडझडीची मोजदाद : कोयनेच्या पंचनाम्यापासून आकाशातल्या रडारपर्यंत

११ डिसेंबर १९६७ रोजी, सोमवारी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना खोरे हादरले. थंडीचे दिवस होते आणि माणसे दारे-खिडक्या लावून गाढ झोपलेली होती. धरणाच्या कामासाठी वसवलेल्या कोयनानगरात दगडी भिंती काही सेकंदांत ढासळल्या. वसाहतीतली ऐंशी टक्क्यांहून अधिक घरे एकतर पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. दोनशेच्या आसपास माणसे दगावली, दीड हजारांच्या वर जखमी झाली. या भूकंपाची तीव्रता आज ६.३ मानतात, जुन्या लिखाणात ६.५ हा आकडा सापडतो.

कोयनेची वीज तुटली आणि मुंबईचे कारखाने थंडावले. धक्का गोव्यापासून सुरतेपर्यंत जाणवला होता. भूकंप झाला हे सकाळ उजाडेपर्यंत अर्ध्या पश्चिम भारताला ठाऊक होते, पण कोणत्या वाडीत किती घरे बसली, कुठे माणसे अडकली आहेत, पहिली गाडी कुठल्या वाटेला लावायची, हे कोणालाच सांगता येत नव्हते. भूकंपानंतर सगळ्यांत निकडीचा प्रश्न हाच असतो. सातारा जिल्ह्याने तो तेव्हा पायी फिरून सोडवला. पुढच्या साठेक वर्षांत जगाने त्यासाठी आकाशातून पाहण्याची एक रीत शोधली. त्या सगळ्या प्रवासाची ही हकिकत.

जावळी तालुक्यातल्या मेढ्याहून पश्चिमेला डोंगर ओलांडून बामणोलीकडे उतरले की शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी दिसू लागते. कोयना महाबळेश्वरात उगम पावते, दक्षिणेला वाहत जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणापाशी १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. फुगलेले पाणी मागे सरकत थेट जावळीच्या खोऱ्यात शिरले, गावे उठली, शेते बुडाली. १९६१-६२ पासून पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात जमिनीतून गडगड ऐकू येऊ लागली, भांडी वाजू लागली. धक्के इतके वाढले की धरणाच्या आसपास भूकंपमापक यंत्रे बसवावी लागली. १३ सप्टेंबर १९६७ ला एक जोरदार धक्का बसला. मोठा भूकंप त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आला.

तोपर्यंत दख्खनचे पठार म्हणजे अढळ कातळ, असा शास्त्रज्ञांचाही समज होता. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरला होता. त्या पहाटे धरणाच्या पोटातल्या यंत्रावर ०.६३ पट इतकी उच्चतम नोंद उमटली. आराखड्यातला आकडा आणि क्षणभराची नोंद यांची सरळ तुलना अभियंते करत नाहीत, तरीही अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातले अंतर त्यावरून कळते. धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या, पण धरण उभे राहिले. आधी पोलादी केबलांचा ताण देऊन आणि नंतर मागून काँक्रीटचे आधार चढवून ते मजबूत केले गेले. धरणातल्या यंत्राची ती नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांनी अभ्यासली.

पाण्यामुळे भूकंप होतो का, यावर तेव्हा बराच वाद झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्याचा मोठा काळ या प्रश्नाला दिला. आज सर्वसाधारणपणे मान्य झालेली समजूत अशी : खालच्या खडकात ताण आधीपासून साठलेलाच होता, जलाशयाचे वजन आणि भेगांतून झिरपणारे पाणी यांनी त्याला वाट करून दिली. त्याला दुजोरा मिळाला तो सांगली जिल्ह्याच्या हद्दीवर. चांदोलीच्या वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि १९९३ च्या सुमारास भूकंपांचा जोर दक्षिणेला, वारणेच्या बाजूला सरकला. गेल्या सहा दशकांत या पट्ट्यात पाचच्या वरचे वीसहून अधिक भूकंप नोंदले गेले आहेत. इतक्या लहानशा टापूत इतकी वर्षे असे भूकंप होत राहिल्याचे दुसरे उदाहरण जगात नाही. म्हणूनच केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला खास प्रयोगशाळा काढली आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेऊन खालचा कातळ तपासायला सुरुवात केली.

आता त्या सकाळकडे परत येऊ. पडझड मोजायची म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि बांधकाम खात्याचे ओव्हरसिअर यांनी वाडीवाडी पालथी घालायची. खोऱ्यात रस्ते मोजके होते, बऱ्याच वस्त्यांना नुसती पायवाट. घरापुढे उभे राहून पंचनामा व्हायचा : मालकाचे नाव, घर किती खणांचे, भिंत दगडाची की कुडाची, छपरावर कौले की पेंढा, काय पडले, काय उभे आहे, गुरे किती दगावली. खाली पंचांच्या सह्या, आणि ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. हे काम हळू होते, त्यात चुका होत, ओळखीपाळखीही चालत असणार. पण माणूस घराच्या आत डोकावून पाही आणि भिंतीतली चीर त्याला दिसे. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

दुसरीकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे आणि रुडकी विद्यापीठाचे अभियंते खोऱ्यात फिरत होते. पडलेल्या भिंती, कललेले खांब, जमिनीच्या भेगा पाहून कुठे हादरा किती तीव्र होता याच्या रेषा त्यांनी नकाशावर ओढल्या. त्यांना दिसले ते आपल्याकडच्या प्रत्येक घरबांध्याने लक्षात ठेवावे असे आहे. ओबडधोबड दगड चिखलात रचून केलेल्या जाड भिंती सर्वांत आधी फुटल्या. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती दोन पातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या केल्यासारखी असते आणि मधे भरलेला असतो चुरा. दोन्ही अंगांना सांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्याने एक अंग बाहेर, एक आत पडते आणि वरचे छप्पर झोपलेल्यांवर येते. ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंत ढासळली तरी छप्पर पुष्कळदा वर राहिले आणि माणसे वाचली.

परिणाम दूरवर गेले. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात १९७० साली सुधारणा झाली आणि कोयनेचा परिसर चौथ्या, म्हणजे गंभीर धोक्याच्या विभागात गेला. दुसरा परिणाम आजही घराघरात आहे. सरकारी नोकरभरतीत भूकंपग्रस्तांसाठी राखीव जागा असतात, आणि त्यासाठी लागणारा दाखला जुन्या नुकसानीच्या नोंदीवर उभा असतो. आजोबांच्या घराची पडझड कागदावर चढली की नाही, यावर नातवाचा अर्ज अवलंबून राहतो. पडझडीची मोजदाद म्हणजे पहिल्या आठवड्याचे काम, असे ज्यांना वाटते त्यांनी, कोयनानगर ज्या तालुक्यात येते त्या पाटणच्या तहसील कचेरीत एक दिवस बसून पाहावे.

कोयनेनंतर सव्वीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी उद्ध्वस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. तिथेही चिखलातल्या दगडी भिंतींनी घात केला, आणि त्यांवर मातीच्या माळवदाचे ओझे होते. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. कोयनेचा धडा पाटणमध्येच राहिला, मराठवाड्यातल्या गवंड्यापर्यंत तो कोणी पोचवला नाही, हे म्हणताना आजही वाईट वाटते. किल्लारी तेव्हा नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. पडझड मोजली ती पुन्हा माणसांनीच, गावोगाव फिरून.

पण त्याच वर्षी आकाशात काहीतरी बदलले होते. युरोपच्या अंतराळ संस्थेने १९९१ मध्ये ईआरएस-१ हा रडार उपग्रह सोडला होता. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लँडर्सचा मोठा भूकंप झाला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या रडार प्रतिमा एकमेकींवर ठेवून फ्रेंच शास्त्रज्ञांनी जमीन कुठे किती सरकली याचा नकाशा काढला. ‘नेचर’ या नियतकालिकात तो जुलै १९९३ मध्ये छापून आला. किल्लारी हादरायला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते.

हे रडार काय करते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. साधा उपग्रह आपल्या कॅमेऱ्यासारखा सूर्यप्रकाशावर अवलंबून असतो. रात्र झाली किंवा ढग आले की त्याला काही दिसत नाही. रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी तिरप्या सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. या लहरी काही सेंटिमीटर लांबीच्या असतात, त्यामुळे ढग आणि अंधार त्यांना अडवत नाहीत. परत आलेल्या लहरीची दोन मापे नोंदली जातात : ती किती जोरकस आहे, आणि तिच्या चढउताराच्या चक्रातला कोणता टप्पा घेऊन ती परतली.

उभे घर रडारला ठळक दिसते. लहर आधी अंगणावर आदळते, तिथून भिंतीवर जाते आणि आली त्याच दिशेने परत फिरते. जमीन आणि भिंत यांच्या काटकोनामुळे प्रतिमेत भिंतीच्या पायाशी एक उजळ रेघ उमटते. भिंत पडली की काटकोन मोडतो, लहरी ढिगाऱ्यावरून वाटेल तिकडे उधळतात आणि रेघ विझते किंवा विस्कटते. पण नुसत्या उजेडावर भरवसा ठेवला तर फसायला होते. त्यापेक्षा खात्रीचे माप दुसऱ्या नोंदीतून मिळते. उपग्रह ठरावीक दिवसांनी जवळजवळ त्याच वाटेने परत येतो. वस्ती जशीच्या तशी असेल तर तिथून मिळणारे लहरींचे टप्पे मागच्या वेळेशी जुळतात. पंचनाम्यावरचा अंगठा जुन्या अंगठ्याशी ताडून पाहावा, तसे हे ताडणे. भूकंपाआधीच्या दोन फेऱ्या एकमेकींशी जुळत होत्या आणि भूकंपानंतरची फेरी जुळेनाशी झाली, तर त्या ठिकाणी दगड-विटांची मांडणी बदलली. किती जुळले आणि किती बिघडले याचा फरक रंगांत मांडला की पडझडीचा नकाशा तयार होतो.

ही कल्पना १७ जानेवारी १९९५ च्या जपानमधल्या कोबे भूकंपानंतर नीट आकाराला आली. तिथल्या संशोधकांनी ईआरएस-१ आणि जपानच्या जेईआरएस-१ या उपग्रहांच्या प्रतिमा घेऊन, प्रत्यक्ष पाहणीत जिथे घरे पडलेली सापडली होती तिथे रडारच्या मापात काय फरक पडला, हे तपासले. म्हणजे इथेही आधी माणसे फिरली, मग यंत्राला शिकवले गेले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण इराणमधल्या बमचे आहे. २६ डिसेंबर २००३ ला पहाटे, म्हणजे कोयना आणि किल्लारीसारखेच माणसे झोपेत असताना, ६.६ तीव्रतेच्या भूकंपाने हे मातीच्या विटांचे प्राचीन शहर कोसळले आणि पंचवीस हजारांहून अधिक माणसे गेली. एन्व्हिसॅट उपग्रहाच्या आधीच्या व नंतरच्या प्रतिमांत शहराचा कोणता भाग उद्ध्वस्त झाला ते तर दिसलेच. शिवाय खडकातल्या ज्या भ्रंशावर, म्हणजे मोठ्या भेगेवर, भूकंप झाला तो आधी नकाशावर नव्हताच, तोही शहराच्या दक्षिणेला रडारने दाखवून दिला. इतके कोरडे हवामान आणि विरळ झाडी रडारला फार मानवते. पाटण-जावळीला ती सोय नाही.

पुढचे टप्पे झपाट्याने पडले. एप्रिल २०१४ मध्ये युरोपचा सेंटिनेल-१ गेला आणि त्याच्या प्रतिमा सर्वांना फुकट मिळू लागल्या. त्याआधी संशोधकाला एकेका प्रतिमेसाठी पुष्कळदा पैसे मोजावे लागत. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हादरला, तेव्हा नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील गटाने इटलीच्या आणि जपानच्या उपग्रहांच्या प्रतिमांवरून पडझडीचे नकाशे काढून दिले. ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तान-सीरिया भूकंपात असे नकाशे काही दिवसांत जगभर उपलब्ध होते. आपणही मागे नव्हतो. २०१२ मध्ये इस्रोने रिसॅट-१ हा संपूर्ण देशी बनावटीचा रडार उपग्रह सोडला. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला. तो नासा आणि इस्रोचा संयुक्त उपग्रह. त्यातले चोवीस सेंटिमीटर लांबीच्या लहरींचे रडार अमेरिकेचे आणि साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपासचे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे. ७४७ किलोमीटर उंचीवरून तो दर बारा दिवसांनी आपल्या मूळ वाटेवर परत येतो.

आता कोयनेसारखा भूकंप उद्या झाला तर? मेढ्यापासून कोयनानगर सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, म्हणजे जावळी, पाटण आणि सांगलीचा शिराळा हा सगळा मुलूख उपग्रहाच्या एकाच पट्ट्यात येतो. १३ सप्टेंबरचा धक्का ज्या दिवसांत आला, त्या पावसाळ्यात साध्या उपग्रहाला ढगांशिवाय काही दिसणार नाही. इथे रडारच उपयोगी. निसारची लांब लहर झाडीतून थोडी आत शिरते, हाही आपल्यासारख्या हिरव्या खोऱ्याला मोठा फायदा. दरडी कुठे कोसळल्या, कोणता रस्ता तुटला असण्याचा संभव आहे, हेही त्यातून उमगू शकते.

पण अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून ठेवू नयेत. रडार तिरपे पाहते, म्हणून उपग्रहाकडे तोंड केलेल्या उभ्या कड्याचा माथा आणि पायथा प्रतिमेत एकमेकांवर चढतात, आणि कड्याच्या मागची वाडी सावलीत हरवते. सेंटिनेलच्या नेहमीच्या प्रतिमेतला सर्वांत लहान ठिपका सुमारे पाच मीटर बाय वीस मीटरचा, आणि नकाशा विश्वासार्ह व्हावा म्हणून असे अनेक ठिपके एकत्र करावे लागतात. पेठेत किंवा शहरात हे चालते. दहा-पंधरा विखुरलेल्या घरांची धनगरवाडी अशा नकाशात निसटून जाऊ शकते. दोन फेऱ्यांच्या मधे पाऊस झाला, भात कापले गेले, गवत वाढले, तरी मापे जुळत नाहीत आणि नकाशा उगाच लाल होतो. तुर्कस्तानात मजले एकावर एक बसून इमारती चिरडल्या गेल्या. अशा वेळी वरचा स्लॅब जवळपास शाबूत राहिला तर वरून धोका कमी वाटू शकतो. आणि तलाठ्याला दिसणारी भिंतीतली चीर, जी पुढच्या धक्क्याला घर पाडणार आहे, ती रडारला दिसत नाही. उपग्रह नेमका त्याच दिवशी डोक्यावरून जाईल याचीही शाश्वती नाही. अनेक देशांचे उपग्रह मिळून ही वाट पाहणे काही दिवसांवर येते. ढिगाऱ्याखालच्या माणसाला मात्र पहिले दोन-तीन दिवसच असतात.

म्हणून पंचनाम्याची जागा रडार घेईल असे मी मानत नाही. पंचनाम्याचा पहिला पाय कुठे पडावा, हे ते सांगू शकते. १९६७ मध्ये जी माहिती गोळा व्हायला दिवसच्या दिवस गेले, तिचा ढोबळ अंदाज आता लवकर येऊ शकतो : या खोऱ्यात आधी जा, त्या खोऱ्यात नंतर गेलात तरी चालेल. एवढे कळले तरी माणसे वाचतील.

मात्र या नकाशाला अर्थ यायला खाली काय होते ते आधी माहीत हवे. रडार आधीच्या प्रतिमेशी तुलना करते, तसेच आपल्यालाही आधीची नोंद लागते. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली, मालमत्ता पत्रके निघाली, ही चांगली सुरुवात. पण त्या पत्रकावर घराची हद्द आणि क्षेत्रफळ असते. भिंत चिखलातली की सिमेंटमधली, वरती कौले की स्लॅब, रात्री आत किती जण झोपतात, हे त्यात नसते. गावठाणाबाहेरच्या वाड्या आणि एकट्या घरांचा प्रश्न उरतोच. नुसता लाल ठिपका पाहून बचाव पथकाला काहीच कळणार नाही. त्याच ठिपक्यावर चिखलातल्या भिंतींची बारा घरे आणि त्यांत साठ माणसे, असे लिहिलेले असेल तर कुठे धावायचे ते ठरेल.

हे काम इस्रोचे नाही, नासाचे तर मुळीच नाही. ते मेढा, पाटण आणि शिराळ्याच्या तहसील कचेऱ्यांचे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीचे आहे, आणि त्याला उपग्रह लागत नाही. गावातल्या शिकलेल्या मुलांच्या हातात मोबाइल आहे. त्यात प्रत्येक घराचे अक्षांश-रेखांश घेता येतात. त्यापुढे भिंत, छप्पर, माणसे एवढे तीन रकाने भरायचे आणि एक प्रत जिल्ह्याबाहेर ठेवायची, कारण कचेरीही पडू शकते. कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांत राहणाऱ्या वाचकांना विनंती आहे : २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि यादीची सुरुवात गावापासून सर्वांत लांब असलेल्या वाडीपासून करा.